ऑफिसमधली झाडं

ऑफिसात मनी प्लांट, स्नेक प्लांट, अरेका पाम अशा कुंड्या ठेवायची पद्धत आता सगळीकडे दिसते. फायदे दोन सांगतात, हवा शुद्ध होते आणि कामात लक्ष लागतं. त्यातला दुसरा जास्त भरवशाचा वाटतो.

ही पद्धत नेमकी कुठून आली यावर एकमत नाही, पण साधारण १९५० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत भिंती काढून मोकळी ऑफिसं मांडायला लागले तेव्हा आडोशाला कुंड्याच ठेवल्या, तिथून ती रुळली असं मानायला हरकत नाही.

हवेचा मुद्दा येतो तो नासाच्या १९८९ च्या अहवालातून. बी. सी. वुल्व्हरटन आणि सहकाऱ्यांनी हवाबंद पारदर्शक पेट्यांत झाडं ठेवली, आत बेंझीन, फॉर्माल्डिहाइड, ट्रायक्लोरोइथिलीन ही हवा दूषित करणारी रसायनं सोडली आणि ती किती कमी होतात ते मोजलं. कमी झालीही. पण पानं काढून टाकली तरी बेंझीन कमी होतच राहिलं, म्हणजे बरंचसं काम मुळांजवळच्या मातीतले जिवाणू करत होते, आणि काही प्रयोगांत तर पंखा लावून हवा कोळशातून, मुळांतून ओढली होती, हा भाग नंतर फॉरवर्ड होता होता गळून गेला आणि उरली फक्त झाडांची यादी. ऑफिस काही हवाबंद पेटी नसतं, तिथे दारं उघडतात, एसी हवा बदलत राहतो. ड्रेक्सेल विद्यापीठाच्या कमिंग्ज आणि वॉरिंग यांनी २०१९ मध्ये जुन्या प्रयोगांचे आकडे एकत्र करून हिशोब मांडला, तर एवढ्या हवाबदलाची बरोबरी करायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं निघालं. दिल्लीत नेहरू प्लेसच्या पहाडपूर बिझनेस सेंटरचं उदाहरण नेहमी देतात, माणशी चार झाडं म्हणून. पण तिथे हवा गाळायची यंत्रणाही आहे, त्यामुळे सगळं श्रेय झाडांना देता येत नाही.

मनावरचा परिणाम मात्र टिकाऊ दिसतो. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात १९९६ मध्ये खिडकी नसलेल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये झाडं ठेवल्यावर लोकांनी कॉम्प्युटरवरच्या चाचणीत १२ टक्के लवकर प्रतिसाद दिला. २०१४ च्या ब्रिटन-नेदरलँड्समधल्या अभ्यासात ओक्याबोक्या ऑफिसात झाडं आणल्यावर काम १५ टक्क्यांपर्यंत वाढलं.

आपल्या हवेत एक काळजी घ्यावीच लागते. कुंडीखालच्या ताटलीत आणि मनी प्लांटच्या बाटलीत डेंगीचा एडिस डास अंडी घालतो, म्हणून पाणी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण ओतून ताटली घासून घ्यावी, नुसतं वरून पाणी घातलं तर कडेला चिकटलेली अंडी तशीच राहतात.