पूर मोजायला अख्खं गाव

२२ जुलै २०२१ च्या पहाटे वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळुणात शिरलं. ते कुठे किती चढलं हे विचारायला सरकारी दप्तर उघडावं लागत नाही. चिंचनाक्यावर, पेठमापात, बाजारपुलाजवळ राहणारी माणसं आपापल्या भिंतीवर हात ठेवून पातळी दाखवतात. नदीवरच्या मापकाला तो जिथे बसवलाय तिथलंच पाणी कळतं. कुठल्या गटारातून ते आधी उलटं येतं, हे त्या गल्लीलाच ठाऊक असतं.

चिपळुणाचा प्रश्न अवघड, कारण इथे तीन पाणी भेटतात. सह्याद्रीवरचा पाऊस, कोयना प्रकल्पाचं अवजल (वीज तयार करून झाल्यावर सोडलेलं पाणी) आणि दाभोळच्या खाडीतून वर चढणारी भरती. तिन्ही एका वेळेला आली की दर अर्ध्या तासाला चित्र पालटतं. अशा वेळी हजार घरांतून आलेली नोंद फार मोलाची ठरते.

पण सामान्यांच्या अंदाजावर विश्वास किती ठेवायचा? १९०६ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गाल्टन यांनी इंग्लंडातल्या प्लिमथच्या पशुप्रदर्शनातली ७८७ उत्तरं तपासली. एक बैल कापून साफ केल्यावर किती भरेल, हे लोकांनी चिठ्ठीवर लिहिलं होतं. सगळे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधला आकडा १,२०७ पौंड निघाला. खरं वजन होतं १,१९८. कुणी जास्त सांगितलं, कुणी कमी, आणि चुका एकमेकींना खाऊन गेल्या. शिवाय मधला आकडा घेतला की एखाद्याच्या अतिशयोक्तीने तो फारसा हलत नाही.

यात एक अट आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची: प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहून सांगायचं. झुरिकमध्ये झालेल्या आणि २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात इतरांची उत्तरं दाखवल्यावर लोकांचे अंदाज एकमेकांजवळ सरकले. अचूकता मात्र वाढली नाही, वाढला तो आत्मविश्वास. पुराच्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर ‘धरण सोडलं’ हा एकच निरोप शंभर गटांत फिरतो, तेव्हा हेच घडतं. शंभर निरोप, साक्षीदार एकही नाही.

जकार्तात यावर चांगली वाट काढली आहे. तिथे समाजमाध्यमावर कुणी पुराबद्दल लिहिलं की यंत्रणा आपणहून त्याला विचारते: तुम्ही नेमके कुठे आहात, पाणी किती खोल आहे, फोटो आहे का? उत्तर थेट सर्वांना दिसणाऱ्या नकाशावर जातं आणि आपत्ती निवारणवालेही तोच नकाशा बघतात.

२०१५ च्या स्मार्ट सिटी मोहिमेतल्या १०० शहरांत रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गातलं एकही शहर नव्हतं. या कामाला तो शिक्का लागतही नाही. जागा, वेळ, खोली आणि फोटो एवढं घेणारा साधा अर्ज आणि त्यातून भरत जाणारा नकाशा पुरे. भरती-ओहोटीच्या वेळा आधीच छापलेल्या असतात. पण नगरपरिषदेत तो नकाशा रात्री दोन वाजताही बघणारा माणूस नेमलेला हवा, आणि अवजल सोडणाऱ्यांपर्यंत त्याचा फोन पोचायला हवा.