सर्व्हर उठतो, मेलिंग लिस्ट उठत नाही

मेलिंग लिस्ट म्हणजे एक पत्ता आणि त्यामागे शेकडो माणसं. त्या पत्त्यावर कुणी मेल टाकला की तो सगळ्यांकडे जातो. हे काम करणाऱ्या मुक्त सॉफ्टवेअरपैकी ग्नू मेलमॅन जगभर वापरलं जातं. जॉन व्हिएगा यांनी विद्यार्थिदशेत त्याची सुरुवात केली, पुढे केन मॅनहाइमर आणि बॅरी वॉर्सॉ यांनी ते वाढवलं. एकदा नीट बसवलं की मेलमॅन महिनोन् महिने कुणी ढुंकून न पाहता चालत राहतो. मग एखाद्या रात्री वीज जाते, यूपीएसची बॅटरी संपते, पहाटे वीज येते आणि मशीन आपलं आपण सुरू होतं. वेबसाइट उघडते, मेल सर्व्हर उत्तर देतो. लिस्टवर टाकलेला मेल मात्र कुणालाच मिळत नाही आणि पाठवणाऱ्याला तसं कळतही नाही.

हे असं का होतं, ते मेलमॅनच्या २.१ या आवृत्तीत फार स्वच्छ दिसतं. पोस्टफिक्ससारखा मेल सर्व्हर आलेलं पत्र एका छोट्या प्रोग्रामच्या हवाली करतो. तो प्रोग्राम पत्राची एक फाइल करून 'इन' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतो. फाइलच्या नावात ती केव्हा आली याची वेळ असते, म्हणजे आधी आलेलं पत्र आधी उचललं जातं. फाइल ठेवली की 'काम झालं' असं पोस्टफिक्सला कळवून तो प्रोग्राम संपतो. पोस्टफिक्सच्या लेखी पत्र पोचलं, विषय मिटला.

खरं काम इथून पुढे आहे आणि ते 'क्यूरनर' नावाच्या प्रोसेस, म्हणजे मागे सतत चालू असलेले प्रोग्राम, करतात. नेहमीच्या मांडणीत त्या आठ असतात: एक आलेली पत्रं तपासते, एक बाहेर पाठवते, एक परत आलेल्या पत्रांचा हिशेब ठेवते, एक जुनी पत्रं जपून ठेवते, असं काम वाटलेलं असतं. या सगळ्यांवर एका मुख्य प्रोसेसची देखरेख असते. एखादी क्यूरनर अचानक मेली तर मुख्य प्रोसेस तिला पुन्हा उभी करते, पण दहा वेळांपर्यंतच. बूट झाल्यावर, म्हणजे मशीन नव्यानं सुरू झाल्यावर, ही मुख्य प्रोसेसच सुरू झाली नाही, तर 'इन' फोल्डरमध्ये फायली नुसत्या साचत जातात. त्या नष्ट होत नाहीत, ही मेलमॅनच्या रचनेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट. चार दिवसांनी कुणी मेलमॅन सुरू केला तरी सगळी पत्रं ओळीनं बाहेर पडतात. अख्खा मेल सर्व्हर बंद असता, तर पाठवणाऱ्याकडच्या सर्व्हरनं काही दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करून शेवटी पत्र परत पाठवलं असतं आणि बोभाटा झाला असता. इथे बोभाटाच होत नाही, म्हणून हा बिघाड जास्त दिवस टिकतो.

लिनक्स मशीन चालू केल्यावर फर्मवेअर, म्हणजे मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्राम, बूटलोडरला जागं करतं, बूटलोडर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीत आणतो आणि कर्नल पहिली प्रोसेस सुरू करतो. तिचा क्रमांक नेहमी १. बाकीच्या सेवा सुरू करणं हे तिचं काम. पूर्वी त्यासाठी क्रमांक घातलेल्या स्क्रिप्ट असत आणि त्या एकामागून एक चालत. २०१० साली आलेल्या सिस्टिमडी या सेवा सुरू करणाऱ्या नव्या प्रोग्रामनं ही पद्धत बदलली. डेबियन या लिनक्सच्या प्रकारानं २०१५ मध्ये आठव्या आवृत्तीपासून तीच स्वीकारली. सिस्टिमडी शक्य तेवढ्या सेवा एकाच वेळी सुरू करते, त्यामुळे कोण कोणाच्या नंतर, हे सेवेच्या फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं. इथे दोन आज्ञांची गल्लत फार होते. 'स्टार्ट' म्हणजे सेवा आत्ता सुरू कर. 'इनेबल' म्हणजे पुढच्या प्रत्येक बूटला सुरू कर. ती फक्त एक लिंक तयार करते. नुसतं 'स्टार्ट' केलेला सर्व्हर पुढच्या रीबूटपर्यंत उत्तम चालतो.

'इनेबल' केलं तरी दोन अडचणी उरतात. पहिली कुलपाची. दोन मुख्य प्रोसेस एकाच वेळी चालू नयेत म्हणून मेलमॅन एक लॉक फाइल करतो आणि तिच्यात मशीनचं नाव व प्रोसेसचा क्रमांक लिहितो. वीज अचानक गेली तर प्रोसेस संपते, फाइल डिस्कवर तशीच राहते. पुढच्या बूटला मेलमॅन ती पाहतो, दुसरा कुणी काम करतोय असं समजतो आणि चूक दाखवून थांबतो. म्हणून बूटच्या आज्ञेत 'एस' हा पर्याय द्यायचा. मग मेलमॅन त्या क्रमांकाची प्रोसेस खरंच जिवंत आहे का ते तपासतो आणि नसेल तरच कुलूप काढतो. कुलूप सरसकट न तोडता आधी खात्री करणं, हे मला योग्यच वाटतं.

दुसरी अडचण बरोबर उलटी. आजच्या लिनक्समध्ये 'रन' हे फोल्डर डिस्कवर नसून मेमरीत असतं आणि प्रत्येक बूटला कोरं होतं. तिथल्या लॉक फायली आपोआप जातात हे चांगलंच. पण मेलमॅनचं स्वतःचं उपफोल्डर तिथे असेल तर तेही जातं आणि मेलमॅनला आपल्या मुख्य प्रोसेसच्या क्रमांकाची फाइल लिहायला जागा उरत नाही. ते फोल्डर योग्य मालकीसह दर बूटला नव्यानं करायला सिस्टिमडीला सांगावं लागतं. हातानं बसवताना ते आपणच कधीतरी केलेलं असतं, म्हणून ही उणीव तेव्हा दिसतच नाही.

त्यामुळे सेवा 'इनेबल' दिसते एवढ्यावर समाधान मानू नये. दिवसाउजेडी, सदस्यांना आधी कळवून, मशीन खरोखर रीबूट करावं. लॉग इन न करताच बाहेरच्या पत्त्यावरून लिस्टवर एक मेल टाकावा. तो परत आपल्याकडे आला तर ठीक. नाही आला तर आत जाऊन आधी 'इन' फोल्डर उघडावं: पत्राची फाइल तिथे पडून असेल तर पोस्टफिक्सनं आपलं काम केलेलं आहे आणि शोध मेलमॅनच्या लॉगपासून, म्हणजे त्यानं केलेल्या नोंदींपासून, सुरू करायचा.