ईएसआयचे दीडशे रुपये आणि पगाराची मर्यादा: पार्श्वभूमी

वीस हजार पगार असेल तर सॅलरी स्लिपवर ईएसआयचे, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेचे, दीडशे (पगाराच्या ०.७५ टक्के) कटलेले दिसतात, मालक वरून साडेसहाशे भरतो. दहा हजारवाल्याचे पंच्याहत्तरच कटतात, आणि ज्याची दिवसाची मजुरी सरासरी १७६ रुपयांपर्यंत आहे त्याचं काहीच कटत नाही, त्याच्यासाठी फक्त मालकाचा वाटा जातो. पण आजारी पडल्यावर उपचाराचा हक्क तिघांनाही सारखाच. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, पैसे ऐपतीप्रमाणे घ्यायचे आणि औषध आजाराप्रमाणे द्यायचं.

कल्पना मुळात जर्मनीतली. तिथला चॅन्सेलर बिस्मार्कने १८८३ मध्ये आजारपणाच्या विम्याचा कायदा केला, त्यात दोन वाटे कामगाराचे आणि एक मालकाचा होता. आपल्याकडे १९४३ साली कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे आलं, त्यांनी १९४४ ला रिपोर्ट दिला, त्यावरून १९४८ चा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ ला नेहरूंच्या हस्ते कानपूरला योजना सुरू झाली, दिल्लीतही त्याच दिवशी.

त्याच काळात दुसरी एक वाट पण निघाली होती. सर जोसेफ भोर, जन्म नाशिकचा, त्यांच्या आरोग्य सेवेवरच्या सरकारी समितीने १९४६ मध्ये सांगितलं की पैसे नाहीत म्हणून कोणीही उपचाराविना राहू नये, आणि त्यासाठी खर्च सरकारी तिजोरीतून व्हावा, म्हणजे टॅक्समधून. ही वाट नीट चाललोच नाही आपण. सरकारी दवाखाने, प्राथमिक आरोग्य केंद्रं झाली, पण पैसा कायम अपुरा.

आणि ईएसआयला सुरुवातीपासूनच पगाराची मर्यादा घातली गेली, आधी महिना ४०० रुपये, मग वाढत वाढत १९९७ ला ६,५००, २००६ ला १०,०००, २०१० ला १५,०००, जानेवारी २०१७ पासून २१,०००. खरी गडबड इथेच झाली असं माझं मत आहे. कोणी किती भरायचं हे उत्पन्नावरून ठरवणं बरोबरच होतं, पण कोण आत आणि कोण बाहेर हेसुद्धा त्यावरूनच ठरायला लागलं. पगार मर्यादेच्या वर गेला की ती सहामाही संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबर किंवा मार्चपर्यंत, कपात चालू राहते आणि पुढे काही महिन्यांनी उपचार बंद, मग घरात डायलिसिसचा पेशंट असेल तर पाचशेचं इन्क्रिमेंटसुद्धा नको वाटतं माणसाला.

महाराष्ट्रात पुढे तेच रेशनकार्डाच्या रंगावर आलं. २०१२ ला आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी सुरू झाली ती पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांसाठी, पुढे तिचं नाव महात्मा फुले जन आरोग्य योजना झालं आणि २०२३ मध्ये सरकारने ती सगळ्यांना लागू करायचं ठरवलं, पाच लाखांपर्यंत. रंगाची अट गेली हे चांगलंच झालं, पण यात पैसा सरकारी तिजोरीतून जातो आणि त्या तिजोरीत जीएसटीही येतो, जो गरीब माणूस पण साबणाच्या वडीवर भरतो.

ईएसआयमध्ये निदान पगाराप्रमाणे तरी कटतं, फक्त वरच्या पगाराचे लोक त्यात नाहीत. लाखभर पगारवाल्याचे याच ०.७५ टक्क्याने साडेसातशे कटले असते आणि मालकाचे सव्वातीन हजार आले असते, त्यातला एक रुपयाही त्या फंडात येत नाही.