मोठा ड्रायव्हर म्हणजे जास्त बास?

"इअरफोन घेताना ड्रायव्हर 10 मिमीपेक्षा मोठाच बघा, नाहीतर बास मिळत नाही" हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. (ड्रायव्हर म्हणजे आतला आवाज काढणारा चिमुकला स्पीकर; बास म्हणजे खालचे, घुमणारे सूर.) पटण्यासारखा आहेच, कारण घरच्या स्पीकरमध्ये मोठा कोन, म्हणजे पुढेमागे हलणारा पडदा, खरोखर जास्त हवा ढकलतो. कानात घालायच्या इअरफोनला मात्र रबरी टिपपासून कानाच्या पडद्यापर्यंतची एवढीशी पोकळी हलवायची असते. ती नीट बंद असेल तर 6 मिमीचा ड्रायव्हरही भरदार बास देतो. फट राहिली तर दाब तिथूनच निसटतो आणि 14 मिमीचाही पोकळ वाजतो.

खात्री करायची तर फोनवर टोन जनरेटरचं अ‍ॅप घ्या, आवाज कमी ठेवून 50 हर्ट्झचा सूर लावा आणि इअरफोन बोटाने हलकेच आत दाबा. घुमणं एकदम वाढलं, तर टिप लहान आहे किंवा नीट बसलेली नाही. पुढच्या मापाची लावून बघा. डाव्या-उजव्या कानाला वेगळं माप लागणं सर्रास आहे.

दोन इअरफोनची तुलना करताना आधी दोन्हींचा आवाज सारखा करा, कारण जरासा मोठा वाजणारा हमखास सरस वाटतो. बॉक्सवरच्या "20 ते 20,000 हर्ट्झ"वर जाऊ नका: या सगळ्या सुरांच्या मोठेपणात किती डेसिबलपर्यंत चढउतार होतो, हे लिहिलेलं नसेल तर त्यातून काहीच कळत नाही.