व्यापारी प्रदर्शन, विशेष मालाचे (बेळगाव सीमाभाग)

साड्या, दागिने, चपला, चष्मे, खेळणी अशा एकाच प्रकारचा माल ठेवणाऱ्या दुकानांसाठी भरवलेला मेळावा. माल तयार करणारे आणि घाऊक व्यापारी येथे नमुने मांडतात. दुकानदार ते हाताळून पाहतात, भाव ठरवतात आणि पुढच्या हंगामाची मागणी नोंदवून जातात. या मेळाव्याचे गिऱ्हाईक म्हणजे दुकानदार. स्वतः नेसायला साडी घेणारी बाई किंवा स्वतःच्या पायात घालायला जोड घेणारा माणूस हे त्या दुकानदाराचे गिऱ्हाईक.

बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी, खानापूर या पट्ट्यात ‘प्रदर्शन’ हा शब्द तीन निराळ्या गोष्टींना सरसकट लावतात. मंगल कार्यालयात किंवा मैदानावर भरणारे ‘प्रदर्शन व विक्री’ ही पहिली. घर, गाडी, फर्निचर यांचा ‘एक्स्पो’ ही दुसरी. या दोन्हींत माल थेट घरगुती गिऱ्हाइकाला विकला जातो. तिसरे खरे व्यापारी प्रदर्शन. ते या भागात कमी भरते आणि भरले तरी पुष्कळदा पहिल्या दोहोंच्या वळणावर जाते. सीमाभागातल्या फसलेल्या प्रदर्शनांचे मूळ बहुतांशी या सरमिसळीत असते.

गर्दी आणि ऑर्डर

आयोजकाला गर्दी हवीशी वाटते, कारण ती फोटोत दिसते आणि पुढच्या वर्षीचे स्टॉल विकायला उपयोगी पडते. स्टॉलधारकाचा हिशेब वेगळा असतो. त्याने जागेचे भाडे, माणसांचे राहणे-खाणे आणि मालाची ने-आण यांवर खर्च केलेला असतो. तो भरून निघतो मागणीवहीतल्या नोंदींतून. गडहिंग्लज, चंदगड, संकेश्वर, गोकाक, धारवाड अशा ठिकाणचे पन्नास-साठ दुकानदार आले, निवांत बसले आणि त्यांतल्या निम्म्यांनी मागणी लिहिली, तर प्रदर्शन साधले. हजारो लोक फिरून गेले आणि वही कोरी राहिली, तर ते पडले, मग मैदान कितीही फुललेले असो.

गर्दी नुसती निरुपयोगी नसते, ती अडचण करते. दुकानदाराला शांतपणे विचारायचे असते : घाऊक भाव काय, कमीत कमी किती नग घ्यावे लागतील, माल कधी पोचेल, न खपलेला परत घ्याल का, उधारी किती दिवसांची. शेजारी घरगुती गिऱ्हाईक घासाघीस करत असेल तर या प्रश्नांची उत्तरे मोकळेपणाने देता येत नाहीत. घाऊक भाव उघडा पडला की त्या दुकानदाराचे स्वतःचे गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तोच आकडा त्याच्या तोंडावर फेकते. त्यात स्टॉलवर सवलतीची पाटी लागली तर बेळगावच्या गणपत गल्लीतला किंवा खडेबाजारातला दुकानदार त्या स्टॉलकडे विक्रेता म्हणून पाहतच नाही. तो त्याचा प्रतिस्पर्धी झालेला असतो.

मोठ्या शहरांनी यावर उपाय शोधलेला आहे. मुंबईचा इंडिया इंटरनॅशनल ज्वेलरी शो हा व्यापाऱ्यांपुरताच असतो, तिथे नोंदणी केलेल्यालाच प्रवेश. दिल्लीत १९८० पासून भरणाऱ्या भारत आंतरराष्ट्रीय व्यापार मेळ्यात सुरुवातीचे दिवस व्यावसायिकांसाठी राखून मग दरवाजे सर्वांना उघडतात. बेळगावसारख्या ठिकाणी दुसरी रीत अधिक जुळणारी आहे. पहिले दोन दिवस दुकानदारांचे, घाऊक भाव आणि फक्त मागणीनोंद. तिसरा दिवस सर्वांचा, छापील किमतीने विक्री. मात्र हे दोन्ही एकाच दिवशी, एकाच मांडवात चालवू नये.

पेठेचा आवाका

पुणे-बेंगळुरू महामार्गावर एकीकडे कोल्हापूर, दुसरीकडे हुबळी, दोन्ही साधारण शंभर-सव्वाशे किलोमीटरच्या आत, आणि चोर्ला घाट उतरला की गोवा. त्यामुळे बेळगावच्या प्रदर्शनाला तीन राज्यांतले दुकानदार सकाळी निघून संध्याकाळी घरी परतू शकतात. एवढी सोय असलेली गावे फार नाहीत. चंदगडकडच्या लोकांची बाजाराची वाट तर पूर्वापार बेळगावचीच. राज्याची रेघ नकाशावर नंतर आली, बाजारहाट त्याआधीचा आहे. शहापूर हे आजचे उपनगर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते, म्हणजे इंग्रजी अंमलाच्या बेळगावला लागून दुसऱ्या राजवटीची पेठ उभी होती. तिथली सराफी आणि साड्यांची दुकाने, शहापूर-वडगाव-खासबागचे माग, उद्यमबागेतले कारखाने, खानापूरची मातीची भांडी, गोकाकची लाकडी खेळणी आणि करदंट ही सुक्यामेव्याची मिठाई हा सगळा माल एका दिवसाच्या फेरीत येतो.

या आवाक्याचा उलटा परिणामही होतो. निपाणी बेळगावपेक्षा कोल्हापूरला जवळ, अथणीला मिरज जवळ. तिथल्या दुकानदारासाठी बेळगावच्या प्रदर्शनात असे काही हवे जे त्याला कोल्हापुरात किंवा मिरजेत मिळत नाही. मुंबई-सुरतेच्या घाऊक व्यापाऱ्यांचाच माल पुन्हा मांडला तर तो येणार नाही. तेच व्यापारी वर्षातून दोनदा नमुन्यांची बॅग घेऊन त्याच्या दुकानात येतात.

चपलांचे उदाहरण

सीमाभागाकडे स्वतःचा म्हणावा असा माल कोणता, याचे सर्वांत चांगले उत्तर चपला. ‘कोल्हापुरी’ या नावाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते आठ जिल्ह्यांसाठी : महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. मानांकनाचे धारकही दोन राज्यांची दोन चर्मोद्योग महामंडळे आहेत, महाराष्ट्राचे लिडकॉम आणि कर्नाटकाचे लिडकर. एका वस्तूने दोन्ही राज्यांना एका कागदावर आणले, ही सीमाभागातल्या माणसाला मनापासून भावणारी गोष्ट आहे. अथणी, मदभावी, निपाणी या भागांत घरोघरी हे काम चालते. कातडे कापणे, तळ शिवणे हे बहुधा पुरुषांकडे. वेणी घालणे, नक्षी आणि बारीक सजावट बायकांकडे.

चप्पलविक्रेत्याला प्रदर्शनात काय हवे असते ते पाहिले की यश-अपयशाची गाठ कुठे आहे ते कळते. त्याला एक सुंदर जोड नको असतो. सहा ते दहा नंबरांचा संच हवा असतो आणि त्यात सात-आठ नंबरांचे जोड जास्त हवे असतात, कारण तेच अधिक खपतात. त्याला डावा-उजवा सारखा हवा, वेणीचा रंग पुढच्या खेपेलाही तोच हवा, आणि दिलेल्या तारखेला माल हवा. हाताने काम करणाऱ्या कुटुंबाकडून दिवसाला मोजकेच जोड निघतात. प्रदर्शनाच्या उत्साहात कारागीर तीनशे जोडांची मागणी घेतो, मग तारीख चुकते, घाईत शिवण सैल पडते किंवा दुसरीकडून यंत्रावर केलेला माल मिसळला जातो. दुकानदाराच्या लक्षात हे दहा वर्षे राहते. म्हणून ज्या स्टॉलवर ‘महिन्याला इतके जोड, त्याहून अधिक नाही’ असे स्पष्ट लिहिलेले असते, तो स्टॉल खरे तर सर्वांत विश्वासाचा. आयोजकांनी चार-पाच कुटुंबांना एकत्र बसवून सामाईक मागणी घेण्याची सोय केली, तर मोठ्या दुकानाची गरजही भागते.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि जगभर चर्चा झाली. अशा प्रसिद्धीने स्टॉलपुढे बघे वाढतात. मागणी टिकते ती नंबरांच्या संचावर आणि तारखेवर.

तिथी, वार आणि वेळ

प्रदर्शन कधी भरवावे हा प्रश्न मांडवापेक्षा मोठा आहे. ज्या आठवड्यात दुकानदाराच्या गल्ल्यावर गर्दी असते, त्या आठवड्यात तो दुकान सोडत नाही. गणेशोत्सवापासून दिवाळीपर्यंतचा काळ म्हणून बाद. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई सुरू. वैशाखात पुन्हा लग्ने, त्यात बेळगावची वैशाख शुद्ध द्वितीयेची शिवजयंती आणि तिची चित्ररथ मिरवणूक. त्या दिवसांत शहरात माल हलवणेही अवघड. मार्चमध्ये सगळे वर्षअखेरच्या हिशेबात.

उरतात दोन खिडक्या. पौषात लग्ने नसतात, संक्रांत झाली की दुकानदाराला सवड असते, हवा कोरडी असते आणि उन्हाळ्याच्या लग्नसराईचा माल अजून ठरलेला नसतो. दुसरी खिडकी आषाढाची. दिवाळीच्या मालाची मागणी तेव्हाच द्यावी लागते. पण बेळगावचा आषाढ म्हणजे संततधार. उघड्या मैदानावरचा मांडव तेव्हा चालत नाही. कातड्याला बुरशी धरते, साड्यांच्या घड्या दमट होतात. आषाढात भरवायचे तर पक्क्या सभागृहातच.

डिसेंबरात आणखी एक अडचण असते. सुवर्ण विधानसौध ही इमारत २०१२ मध्ये सुरू झाल्यापासून कर्नाटक विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बेळगावात भरते. त्या दिवसांत लॉजमध्ये खोली मिळत नाही, बंदोबस्त असतो, रस्ते वळवलेले असतात. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यल्लम्माची यात्रा, बसगाड्या तिकडे वळलेल्या. शिवाय १ नोव्हेंबर म्हणजे कर्नाटक राज्योत्सव आणि अधिवेशनाचे दिवस हे सीमाप्रश्न पेटण्याचे दिवस. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या वाहनांवर दगडफेक झाली आणि दोन्हीकडच्या बसफेऱ्या थांबल्या. अशा आठवड्यात कोल्हापूरचा व्यापारी गाडीभर नमुने घेऊन कोगनोळीची राज्यसीमा ओलांडत नाही, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

वाराचेही तसेच. शनिवार-रविवार घरगुती गिऱ्हाइकाचे. दुकानदार हवे असतील तर आठवड्याच्या मधले वार धरावेत आणि वेळ सकाळी लवकरची ठेवावी, म्हणजे दुपारनंतर तो आपल्या गल्ल्यावर पोचतो.

कर आणि कागदपत्रे

१ जुलै २०१७ ला वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांच्या सीमेवरची कर-तपासणी नाकी गेली. सीमाभागातल्या व्यापाराला याचा मोठा दिलासा मिळाला. पण प्रदर्शनासाठी एक बारकावा आहे. महाराष्ट्रातला व्यापारी बेळगावात येऊन प्रत्यक्ष विक्री करणार असेल, तर त्याला कर्नाटकात ‘कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन’ अशी तात्पुरती नोंदणी घ्यावी लागते. अर्ज किमान ५ दिवस आधी, अंदाजे कर आगाऊ, मुदत ९० दिवस. हस्तकलेच्या वस्तूंना ठरावीक उलाढालीपर्यंत यातून सूट आहे. तोच व्यापारी नुसते नमुने दाखवून मागणी घेणार असेल, तर नमुने डिलिव्हरी चलनावर आणता येतात आणि माल नंतर त्याच्या गावाहून बिल करून पाठवता येतो. ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीची ऑनलाइन नोंद, लागते. म्हणजे कागदांच्या दृष्टीनेही खरे व्यापारी प्रदर्शन हे विक्रीच्या प्रदर्शनापेक्षा सोपे असते. ज्या आयोजकाने हे पत्रकात आधी छापले नाही, त्याच्याकडे पहिल्या दिवशी अर्धे स्टॉल बंद राहू शकतात.

भाषा

या भागातला दुकानदार एका सौद्यात तीन भाषा वापरतो : मराठीत भाव विचारतो, कन्नडमध्ये सोबतच्याशी सल्ला करतो, बिल इंग्रजीत घेतो. स्टॉलवर मराठी आणि कन्नड दोन्ही बोलणारी माणसे असणे ही सौजन्याची बाब आहेच, पण त्याहून ती धंद्याची गरज आहे. गदग-हुबळीच्या व्यापाऱ्याला मराठीतच उत्तर मिळाले किंवा चंदगडच्या व्यापाऱ्याला कन्नडमध्येच, तर तो पुढच्या स्टॉलकडे वळतो. व्यापारी फलकांवर ६० टक्के जागा कन्नडला देण्याचे बंधन कर्नाटकाने २०२४ मध्ये कायद्याने घातले. स्टॉलच्या पाट्या याच प्रमाणात आधी करून घेतल्या की ऐन वेळी पाट्या झाकण्याची पाळी येत नाही. भावपत्रक मात्र तिन्ही भाषांत असावे. ते दुकानदार घरी नेतो आणि रात्री निवांत वाचतो.

मांडणी

सीपीएड मैदान, मराठा मंदिर यांसारख्या जागा या भागात रुळलेल्या आहेत. मैदानावर धुळीची व्यवस्था आणि जनरेटर, सभागृहात गाडी लावायला जागा, एवढे पाहिले की पुरते. तीन मीटर बाय तीन मीटरच्या स्टॉलमध्ये दोन खुर्च्या आणि एक टेबल मावलेच पाहिजे. उभ्या-उभ्या कुणी मोठी मागणी देत नाही.

प्रदर्शनानंतर

मांडव उतरल्यावरचा पंधरवडा सर्वांत दुर्लक्षित. दुकानदाराने पाच-सहा ठिकाणी चौकशी केलेली असते. जो आधी फोन करतो, नमुना पाठवतो आणि ठरलेला भाव लेखी कळवतो, त्याला मागणी मिळते. व्हॉट्सॲपवर सगळ्यांना एकच शुभेच्छापर फोटो पाठवल्याने हे होत नाही. ‘तुम्ही आठ नंबर जास्त मागितले होते’ असे एखादे वाक्य पुरते, कारण त्यातून स्टॉलवाल्याने ऐकले होते हे कळते.

वसुली हा यातला नाजूक भाग. सीमाभागातला किरकोळ व्यापार उधारीवर चालतो आणि अथणीचा कारागीर किंवा वडगावचा विणकर ती फार दिवस सोसू शकत नाही. उद्यम ही लहान उद्योगांची सरकारी नोंदणी असलेल्या सूक्ष्म व लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. ते थकवणाऱ्या खरेदीदाराला त्या वर्षी आयकरात तो खर्च वजा मिळत नाही, अशी तरतूद २०२३ च्या वित्त कायद्याने आली. त्यामुळे मागणीवहीच्या प्रत्येक पानावर उद्यम क्रमांक आणि पैसे देण्याची तारीख यांसाठी दोन छापील रकाने असावेत, आणि दुकानदाराची सही त्या रकान्यांखाली घ्यावी.