काम्पोज ते ‘प्लस’वाली गोळी: चिंतेच्या आजारावरच्या उपचारांची पार्श्वभूमी

सोलापुरात आजही कुणाला झोप लागेना, उगाच धडधडतंय म्हटलं की घरातलं एखादं वयस्कर माणूस “एक काम्पोज घे की” म्हणतं, मग त्या नावाची गोळी घरात कित्येक वर्षांत आलेली नसली तरी. काम्पोज म्हणजे डायझेपाम, मन शांत करून झोप आणणारं औषध. सध्याच्या उपचारांचा गुंता समजून घ्यायचा तर तिथूनच सुरुवात करावी लागते, कारण त्याआधीचं सगळं दोन ओळीत संपतं. एकोणिसाव्या शतकात ब्रोमाइड होतं, १९०३ पासून बार्बिट्युरेट आणि १९५५ ला मेप्रोबमेट. बार्बिट्युरेटचा डोस जरा जास्त झाला की श्वासच थांबायचा, त्यामुळे १९६० मध्ये क्लोरडायझेपॉक्साइड आणि १९६३ मध्ये डायझेपाम बाजारात आलं तेव्हा डॉक्टर मंडळींना हायसं वाटलं, कारण ही गोळी चुकून जास्त गेली तरी एकटी सहसा जीव घेत नाही (दारूबरोबर घेतली तर घेते, ते वेगळं). सवय लागते हे मोठ्या प्रमाणावर लक्षात यायला सत्तरचं दशक उजाडलं, आणि तोवर जगभर ती चहासारखी खपत होती.

दुसरीकडे निदानाचंच पान उलटलं. १९८० पर्यंत ‘चिंता-न्यूरोसिस’ असं एकच गाठोडं होतं. साठच्या दशकात असं दिसलं की इमिप्रामिन या डिप्रेशनच्या औषधाने अचानक येणारे भीतीचे झटके थांबतात, पण झटका येईल की काय ही सततची धास्ती तशीच राहते. त्यावरून १९८० च्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत पॅनिक म्हणजे हा झटक्यांचा आजार वेगळा काढला आणि उरलंसुरलं ते ‘जनरलाइज्ड अँग्झायटी’ म्हणजे जीएडी, कशाची ना कशाची सततची चिंता. तेव्हा महिनाभर त्रास असला तरी निदान व्हायचं, १९८७ मध्ये ती अट सहा महिन्यांवर नेली. वाचायला ही किरकोळ दुरुस्ती वाटते पण परिणाम मोठा झाला, कारण जुन्या गोळ्यांच्या चाचण्या पहिल्या ढिल्या व्याख्येवर झालेल्या आणि नंतरच्या औषधांच्या चाचण्या सहा महिनेवाल्या पेशंटांवर, म्हणजे तुलना करायची तर कशाची कशाशी करणार?

मग नवी औषधं रांगेने आली. १९८६ ला बस्पिरॉन, ज्याची सवय लागत नाही पण गुण यायला दोन-चार आठवडे जातात. अमेरिकेत जीएडीसाठी १९९९ ला व्हेनलाफॅक्सिन, २००१ ला पॅरोक्सेटिन, २००३ ला एस्सिटालोप्राम, २००७ ला ड्युलोक्सेटिन मंजूर झालं. युरोपने २००६ मध्ये प्रीगॅबालिनलाही हो म्हटलं, अमेरिकेने या आजारासाठी नाही. ब्रिटनच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत तर सर्ट्रालिन पहिलं सुचवलंय, त्याला या आजाराचा परवाना नसताना, मुख्यतः ते स्वस्तात पडतं म्हणून. आणि बेन्झो, म्हणजे डायझेपामच्याच घराण्यातली अल्प्राझोलाम-क्लोनाझेपाम वगैरे, फक्त अगदी अडीनडीला, थोड्या दिवसांसाठी.

आता खरा वाद, जो या मार्गदर्शिकांत फारसा नाही पण आपल्याकडच्या चिठ्ठ्यांवर आहे: एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत घालून विकणं. मेडिकलवाले याला सरळ ‘प्लसवाली’ म्हणतात. यामागे तर्क आहे, नाही असं नाही. एस्सिटालोप्रामचा गुण दोन ते सहा आठवड्यांनी दिसतो आणि पहिल्या आठवड्यात काहींची अस्वस्थता उलट वाढते, पोटात ढवळतं, पेशंट म्हणतो या गोळीनेच मला जास्त व्हायला लागलं आणि औषध बंद करतो. क्लोनाझेपाम तासाभरात शांत करतं, म्हणून सुरुवातीचे दिवस ते सोबत द्यायचं. पॅनिकच्या पेशंटांवर असा एक अभ्यास २००१ मध्ये झालाय, त्यात सोबत क्लोनाझेपाम दिलेल्यांना लवकर बरं वाटलं, पण पुढे दोन्ही गट सारखेच झाले. मात्र त्या अभ्यासात क्लोनाझेपाम चार आठवडे देऊन मग हळूहळू उतरवत बंद केलं होतं, आणि प्लसवाल्या गोळीत नेमकं हेच करता येत नाही, कारण एक ठेवायची तर दुसरी पण ठेवावीच लागते आणि अर्धी करून घेतली तर दोन्ही अर्ध्या होतात. जे महिनाभराचं होतं ते वर्षानुवर्षं चालतं, पेशंटला वाटतं आपण एकच गोळी घेतोय, कुणी विचारलं तर “बीपीची एक आणि टेन्शनची एक” असं सांगतो.

डॉक्टरांची बाजू पण ऐकली पाहिजे. सकाळच्या ओपीडीत बाहेर व्हरांड्यापर्यंत रांग, कुणी अक्कलकोटहून कुणी मंगळवेढ्याहून एसटीने आलेलं, हातात नॉर्मल ईसीजीचे चार कागद, गॅसची औषधं खाऊन झालेली, त्यांना पंधरा दिवस कळ काढा म्हणून समजावत बसायला वेळ कुठला, एक गोळी लिहिली की चुकायची भीती कमी. मान्य. तरी मला हा सौदा महागातला वाटतो, कारण बेन्झो बरेच महिने घेऊन एकदम सोडलं तर थरथर, झोप उडणं आणि कधी कधी फिट येण्यापर्यंत मजल जाते. क्लोनाझेपाम मुळात फिटचंच औषध आहे हे पुष्कळ जणांना माहीतच नसतं. गोळी संपली, गावाला गेलो, दोन दिवस राहिली, मग जे होतं त्याला सगळे “आजार परत आला” म्हणतात.

बोलून करायचा उपचार, सीबीटी, कागदावर गोळीच्या बरोबरीने बसतो, १९९० च्या आसपासपासून त्याचे जीएडीसाठी ठरलेले कार्यक्रम आहेत. साधारण बारा ते पंधरा बैठका, आठवड्याला एक तास. सोलापूरच्या पूर्व भागात घरी विड्या वळणाऱ्या बाईने दर आठवड्याला एक दिवस मोडायचा म्हणजे त्या दिवसाच्या विड्या गेल्या, शिवाय तिला आतलं नीट सांगता येतं ते तेलुगूत, समोरच्याला येते मराठी नाहीतर इंग्रजी. त्यात नळाला पाणी तीन-चार दिवसांआड आणि ते पण रात्री कितीला येईल नेम नाही, तिला झोपेचं वेळापत्रक पाळा म्हणून कसं सांगणार. स्नायू सैल सोडण्याचा सराव मात्र घरी होण्यासारखा आहे, पद्धत १९२० च्या दशकातली, फुकटची, आणि तरी कुणी शिकवत नाही.

सरकारी बाजूने बघायचं तर २०१५-१६ चं राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण बारा राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हताच, त्यामुळे आपल्याकडचा आकडा म्हणून जो फिरतो तो दुसरीकडचा असतो. मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम शेड्यूल एच-वनमध्ये आहेत: मेडिकलवाल्याने डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिली हे वेगळ्या रजिस्टरला लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. यानंतर पट्टीतून कात्रीने चार गोळ्या कापून देणं कमी झालं, बंद झालं नाही. २०२० मध्ये अमेरिकेने सगळ्याच बेन्झोंच्या माहितीपत्रकातला चौकटीतला इशारा कडक केला, व्यसन आणि सोडतानाचा त्रास दोन्ही त्यात आले. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन आहे, तिथे भाषा निवडून बोलता येतं. पण डोस उतरवायचं काम फोनवर होत नाही, त्याला चिठ्ठी लिहिणाराच लागतो, आणि प्लसवाली चालू असेल तर त्याला आधी हेच विचारायचं की दोन्ही औषधं वेगवेगळ्या गोळ्यांत लिहून देता का, म्हणजे क्लोनाझेपाम तेवढं थोडं थोडं कमी करत आणता येईल.