शून्याच्या खालच्या संख्या

‘ऋण’ म्हणजे कर्ज. सहावीच्या मुलाला आपण ‘ऋण संख्या’ शिकवतो तेव्हा हा अर्थ त्याच्या कानावरून निघून जातो, आणि उरतो तो आकड्यामागचा एक आडवा दांडा. खरे तर पूर्णांक संख्यांचा सगळा इतिहास या एका शब्दात आहे. म्हणून तो वर्गात आधी सांगावा, बेरीज-वजाबाकीचे नियम नंतर द्यावेत, असे मला मनापासून वाटते.

शून्य भारताचे, हे आपण अभिमानाने सांगतो. शून्याच्या दोन्ही बाजूंच्या संख्यांशी व्यवहार कसा करायचा याचे नियमही इथेच लिहिले गेले, हे मात्र फारसे बोलले जात नाही. इ.स. ६२८ मध्ये, आजच्या राजस्थानातल्या भीनमाळचे गणिती ब्रह्मगुप्त यांनी वयाच्या तिसाव्या वर्षी ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ हा ग्रंथ लिहिला. त्यात संख्यांना धन, ऋण आणि ‘ख’ म्हणजे शून्य, अशी नावे आहेत. धन आणि धन मिळून धन. ऋण आणि ऋण मिळून ऋण. धन आणि ऋण एकत्र आले तर त्यांतले अंतर घ्यायचे, आणि दोन्ही सारखे असतील तर शून्य. ऋणाला ऋणाने गुणले की धन, हेही तिथेच आहे. शून्याला शून्याने भागले तर शून्य, हे त्यांचे म्हणणे पुढे टिकले नाही. बेरीज-वजाबाकीचे नियम मात्र आजही आपण तसेच्या तसे वापरतो.

चीनमध्ये अशा संख्या त्याच्याही आधीपासून होत्या. तिथे हिशेब काड्या मांडून चालत. इ.स. २६३ मध्ये लिउ हुई या गणितज्ञांनी एका जुन्या गणितग्रंथावर भाष्य लिहिले, त्यात धनासाठी तांबड्या आणि ऋणासाठी काळ्या काड्या सांगितल्या आहेत.

आपल्याकडे १२व्या शतकात भास्कराचार्य ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब देत. त्यांच्या बीजगणितातले वानरांचे उदाहरण थोडे थांबून पाहण्याजोगे आहे. कळपाचा पाचवा भाग घ्या, त्यातून तीन वजा करा, जे उरेल त्याच्या वर्गाइतकी वानरे गुहेत गेली. एक मात्र झाडावर दिसते आहे. तर कळपात वानरे किती? उत्तरे दोन निघतात, ५० आणि ५. पन्नासाचा पाचवा भाग दहा, त्यातून तीन गेले सात, सातांचा वर्ग एकोणपन्नास, झाडावरचे एक, झाले पन्नास. आता पाच घ्या. पाचवा भाग एक, एकातून तीन गेले −२, त्याचा वर्ग ४, झाडावरचे एक, झाले पाच! हिशेब चोख जुळतो. तरीही दुसरे उत्तर घेऊ नये, असे भास्कराचार्य सांगतात, कारण व्यक्त, म्हणजे प्रत्यक्ष मोजायची, संख्या ऋण असावी यावर लोकांची प्रतीती नाही. नियम माहीत होते, उत्तर हातात होते; उणे दोन वानरे मात्र कुणाच्या डोळ्यांपुढे उभी राहत नव्हती.

याच भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी चाळीसगावजवळच्या पाटण इथे मठ स्थापला. तिथल्या १३व्या शतकाच्या सुरुवातीच्या शिलालेखाच्या शेवटच्या ओळी जुन्या मराठीत आहेत, आणि बाजारातल्या व्यवहारावरचे काही कर मठाला लावून दिल्याचे त्या सांगतात.

युरोपात हा अविश्वास फार काळ टिकला. इटलीतला गणिती फिबोनाची याने १२०२च्या ग्रंथात ऋण उत्तर कर्ज म्हणून स्वीकारले खरे, पण १५४५ मध्ये तिथलाच गणिती कार्दानो अशा उत्तरांना काल्पनिकच म्हणत होता. १६८५ मध्ये इंग्रज गणिती जॉन वॉलिसने एक माणूस चालवून दाखवला: पाच यार्ड पुढे गेला, आठ यार्ड मागे आला, तर निघाला तिथून तीन यार्ड मागे पोचला. आज पाठ्यपुस्तकात असलेली संख्यारेषा ती हीच.

रोजच्या वापरात मात्र उणे आकडा आणला तो तापमापीने. १७४२ मध्ये स्वीडनचा शास्त्रज्ञ सेल्सिअस याने पट्टी आखली ती उलटी: पाणी उकळते तिथे ० आणि बर्फ वितळतो तिथे १००. स्वीडनमध्ये हिवाळा कितीही कडक पडला तरी आकडा शंभराच्या वर चढायचा, शून्याखाली जायचा नाही. काही वर्षांतच पट्टी उलटवली गेली आणि कडाक्याच्या थंडीला उणे अंश मिळाले.

आता तळघरातल्या पार्किंगसाठी लिफ्टमध्ये −१चे बटण असते, आणि जेईई मेनच्या पर्यायी प्रश्नांत बरोबर उत्तराला ४ तर चुकीच्याला −१ गुण मिळतो. तरी प्रतीतीचा प्रश्न पुरता सुटलेला नाही. २००७ मध्ये ब्रिटनमध्ये लॉटरीचे एक खरवडायचे तिकीट, ज्यात दिलेल्यापेक्षा कमी तापमान निघाले तर बक्षीस होते, मागे घ्यावे लागले, कारण −८ हे −६ पेक्षा कमी तापमान आहे हे बऱ्याच ग्राहकांना पटेना. आपली मुलेही −७ आणि −३ यांत मोठी संख्या कोणती विचारले की हटकून −७ म्हणतात. त्यांना किराणा दुकानातली उधारीची वही दाखवावी. एकाच्या नावे ७०० रुपये, दुसऱ्याच्या नावे ३००. बरी स्थिती कुणाची, ते मुले लगेच सांगतात. मग पहिल्याने १,००० रुपये भरले, की ७०० फिटून त्याचे ३०० जमा कसे दिसतात, ते त्याच पानावर मांडून दाखवता येते.